गोग्रास गाडी

शिरसगव्हाण
२० जून २०२३

प्रिय आसाराम,

परवा तुला फोन केला. तू बराच वेळ "हां, हां" करत राहिलास आणि शेवटी विचारलंस, "कोन बोलतंय?" तेव्हाच ठरवलं, आता पत्रच लिहायचं. पोरानं आणलेलं कानाचं मशीन तू पेटीत कुलूप लावून ठेवतोस, हे साखरावहिनींनीच मला सांगितलंय. दूधवाला प्रविण रोज तुझ्या वस्तीवरून दूध घेऊन गावात येतो आणि रिकामे कॅन घेऊन परत डोंगराकडे जातो. रिकाम्या कॅनबरोबर माझं पत्र येईल, भरल्या कॅनबरोबर तुझं उत्तर येऊ दे.

बातमी अशी, की तुझा मित्र नगरपंचायतीच्या पर्यावरण समितीवर गेला आहे. हसू नकोस. समितीत एक निवृत्त शिक्षक हवा होता. बाकीचे निवृत्त शिक्षक मुलांकडे पुण्याला गेले, उरलो मी.

काल पहिली बैठक झाली. विषय दोनच: गावानं यंदा आधी काय हाती घ्यायचं, आणि ते लोकांना कसं शिकवायचं. अध्यक्षा वर्षाराणीताई, पण बोलतात त्यांचे यजमान सुंदरराव. ताई सही करतात. मी हौसेनं फळ्यावर लिहिलं: नाला, प्लास्टिक, झाडं, पाणी, कचरा. आपले किराण्याचे ठोक व्यापारी हरिओमशेठ बसल्या जागेवरून म्हणाले, "गुरुजी, प्लास्टिक पुढल्या वर्षी घ्या. बंदी हायेच की कागदावर, डबल कशाला?" नाल्यावर सुंदररावांच्या भावकीची दुकानं, म्हणून नालाही पुढल्या वर्षी. झाडं लावायची तर पाणी नाही. पाणी वाचवा म्हणायचं, तर ज्याच्या नळाला आठवड्यातून एकदा धार येते त्याला कोणत्या तोंडानं सांगू? शेवटी सुंदरराव म्हणाले, "कचरा घ्या. कचऱ्याच्या मागं कोनी न्हाई." मग सगळ्यांनी चहा घेतला.

खरं सांगू का, मी कंटाळलोय रे. आयुष्यभर पोरांना शिकवलं, गाव आहे तसंच आहे. मरण्याआधी एक, फक्त एक काम माझ्या हातून तडीला जावं एवढीच इच्छा आहे. तुला काही सुचत असेल तर कळव.

तुझा
सुग्रीव


डोंगरवस्ती
२८ जून २०२३

सुग्रीव गुरुजीस राम राम,

पत्र पोचलं. साखराबाईला वाचून दाखवलं. ती म्हणली, गुरुजी अजून बी शाळेतच हायेत.

काय बे, एवढी वर्षं पोरांना कचरा कुंडीत टाका म्हून शिकवलंस, आपल्या गावात कुंडी कवा व्हती?

हिकडचं सांगतो. पाऊस न्हाई. गायरानात नुसते दगड उरलेत, गाई दगड चाटत्यात. कडबा कुटं मिळत न्हाई. पोरगा माजलगावहून आलता. म्हणला, "दादा, गाई इका आन माझ्याकडं या." त्याला कारखान्यावर एकच खोली हाय. तिथं मी काय करू? कानानं ऐकू येत न्हाई, गाई न्हाईत, काम न्हाई, दिवसभर भिंतीकडं बघत बसू? गाई हायेत तवर मी माणसात हाय. त्यात तांबडी गाभण हाय असं वाटतंय. तिला मी बाजारात न्हेणार न्हाई, मग काय बी होवो.

तुला कचऱ्याचं पडलंय ना? मग ऐक. तुमच्या गावात घरोघरी बाया पयली भाकर गाईची काढत्यात. पण गावात गाय हाय कुटं? ती भाकर दुपारपर्यंत खिडकीत वाळती आन मग गटारीत जाती. मागल्या महिन्यात मी दवाखान्यात गेलतो तवा डोळ्यांनी बघितलं, गटारीत भाकरीच भाकरी. जीव तुटला. ती भाकर हिकडं धाड. तुझा कचरा कमी होईल, माझ्या गाई जगतील.

आसाराम


शिरसगव्हाण
६ ऑगस्ट २०२३

प्रिय आसाराम,

तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं, कुंडीची ओळ सोडून. गाय म्हटल्याबरोबर सुंदरराव सरळ होऊन बसले. आसाराम, दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत कोणी "पुढल्या वर्षी" म्हणालं नाही. गाईला नाही म्हणायची छाती कोणाची? ठराव एकमतानं झाला. नाव सुंदररावांनी दिलं, "गोग्रास गाडी". हरिओमशेठनी गाडीवर भोंगा आणि भक्तिगीत बसवून दिलं. पोळ्याच्या आधी गाडी तुझ्या वस्तीवर यायला लागेल.

मग सुरू झालं माझं काम, लोकांना शिकवायचं. गल्लोगल्ली बचत गटाच्या बायकांना जमवून मी बोलतो. पहिल्या दिवशी मात्र गाडं अडलं. एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, गाईच्या तोंडात जायचा घास घंटागाडीत उघडा टाकायचा व्हय? पाप लागंल की." सगळ्या बायका तिच्या बाजूच्या. त्यांचं खोटं नव्हतं, गाडी जुनीच, धुऊन घेतलेली. तेव्हा आमच्या सौ. तुळजाबाई उठल्या. घरून नवी कोरी प्लास्टिकची पिशवी आणली, भाकरी-भाजी तिच्यात भरली, गच्च गाठ मारली, वर हळदकुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाल्या, "असं द्यावं. कशाला कशाची घाण लागत न्हाई." टाळ्या पडल्या. मी तिथंच जाहीर केलं, सगळ्यांनी असंच करा. आता शाळेच्या भिंतीवर रंगवलंय: "स्वच्छ पिशवी, पक्की गाठ, गोमाता बघते तुमची वाट." ही ओळ माझी आहे. बरी आहे ना?

आज फार दिवसांनी झोप नीट लागेल.

तुझा
सुग्रीव


डोंगरवस्ती
१७ सप्टेंबर २०२३

गुरुजीस राम राम,

ओळ झकास हाय. तू मास्तर झालास म्हून, न्हाईतर तमाशाला गाणी लिहिली असतीस.

गाडी रोज येती. मला भोंगा ऐकू येत न्हाई, पण गाई माना वर करून पळायला लागल्या की मी समजतो, गाडी घाटाच्या वळणावर आली. ड्रायव्हर ढीग वततो आन जातो. भाकरी, चपात्या, भात, वरण, पोळ्याला तर पुरणपोळ्या! माझ्या बापजाद्यात कुनाच्या गाईनं एवढं पुरण खाल्लं नसंल. दूध वाढलंय, प्रविणला इचार. तांबडी गाभण हाय, आता नक्की. पोराला निरोप धाडला, गाई इकायचा विषय बंद.

सुग्रीव, तुझ्यामुळं मी हितं ऱ्हायलो. तोंडावर बोललो नसतो, लिहिताना बोलतो.

पिशव्या लई येत्यात. गाईंना दम निघत न्हाई, पण चालायचंच.

आसाराम


शिरसगव्हाण
२१ नोव्हेंबर २०२३

प्रिय आसाराम,

मध्ये पत्र राहिलं. पितृपक्ष, दसरा, दिवाळी, गाडीला एक दिवस सुट्टी नव्हती. वसुबारसेला सुंदरराव फोटोवाला घेऊन तुझ्या वस्तीवर आले होते ना? तो फोटो आमच्या अर्जावर लागलाय. जिल्ह्यात स्वच्छ शहराचं बक्षीस आहे, तपासणी पथक जानेवारीत येणार. त्यामुळे बाकी सगळे विषय बाजूला. मी नाल्याचं काढलं की म्हणतात, तपासणी होऊ द्या. बोअरचं काढलं की तेच. मी आता काही काढतच नाही.

जनावरांचे डॉक्टर शिवशंकर दिवाळीत पारावर भेटले. गावातल्या एका मोकाट गाईबद्दल काही सांगत होते. असो.

तुझ्या गाई बऱ्या आहेत ना? रवंथ करतात ना नीट? आणि एक, जमलं तर त्या पिशव्या सोडून खायला घालत जा. तसं काही नाही, सहज लिहिलं.

तब्येत फारशी बरी नाही. बैठकीला बसलो की डोळे मिटतात.

तुझा
सुग्रीव


डोंगरवस्ती
२६ नोव्हेंबर २०२३

गुरुजीस राम राम,

गाई बऱ्या हायेत.

पिशव्या सोडतोच की. गाडी आली की मी काठी घेऊन गाई अडवतो, साखराबाई गाठी सोडती. मग ती अडवती, मी सोडतो. तुमच्या बायांच्या गाठी लई पक्क्या. नखं गेली माझी. तू शिकवलंस म्हणल्यावर पक्क्याच असणार.

तू जिवाला खाऊ नको. तुझी गाडी चालू हाय, गाव तुझं नाव घेतंय, प्रविण सांगतो. तेवढ्यात समाधान मान.

थंडी हाय, कान बांधून फिर.

आसाराम


शिरसगव्हाण
२७ जानेवारी २०२४

प्रिय आसाराम,

बक्षीस मिळालं. जिल्ह्यात दुसरं. काल प्रजासत्ताक दिनाला सुंदरराव आणि वर्षाराणीताई ढाल घेऊन आले, चौकात फटाके वाजले. मला शाल दिली. हरिओमशेठ भाषणात म्हणाले, "गुरुजींनी गावाला गाय शिकवली." लोक हसले, मीही हसलो.

घरी आल्यावर शाल खुंटीला अडकवली आणि बसून राहिलो. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. तुळजाबाई म्हणाल्या, "काय कमी हाय आता?"

आता तपासणी संपली, म्हणजे गाडीत थोड्या सुधारणा करता येतील. पुढच्या बैठकीत मी विषय ठेवणार आहे. बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. तांबडी व्याली का? वासरू काय झालं ते कळव.

तुझा
सुग्रीव


डोंगरवस्ती
२ फेब्रुवारी २०२४

सुग्रीवास राम राम,

तांबडी गेली. तुझं पत्र प्रविणनं हातात दिलं तवा तिला पुरून दोन दिवस झालते.

संक्रांतीनंतर तिनं खाणं सोडलं. डाव्या अंगानं पोट फुगलेलं, शेण न्हाई, रवंथ न्हाई. धारूरहून डॉक्टर आणला. तो म्हणला, "बाबा, आता कापून उपेग न्हाई, पोटात वासरू बी हाय." रातभर मी तिच्या मानेखाली हात घालून बसलो. साखराबाई रडत व्हती, मी रडलो न्हाई, मला राग आलता. कुनाचा ते कळत न्हवतं. गेल्यावर डॉक्टरनं पोट उघडून दाखवलं. पिशव्यांचा गोळा निघाला, पाटीभर. सुग्रीव, गाठी तशाच व्हत्या. एक बी सुटली न्हवती. वासरू कालवड व्हतं.

आता तुला खरं सांगतो. मी तुला खोटं लिहिलं. तुझं दिवाळीनंतरचं पत्र आलं त्याच्या आदीच काबरी गाय गेलती, असंच पोट फुगून. मला तवाच कळलं. साखराबाई म्हणली, गुरुजींना कळवा. मी न्हाई म्हणलं. आयुष्यात त्याचं एक काम धकलंय, त्यावर आपण पाणी कशाला फिरवायचं? आन खरं म्हणजे गाडी बंद झाली तर चारा कुटं व्हता मला? म्हून आमी दोघं गाठी सोडत बसलो. पण गाय काय थांबती व्हय. काठी उगारली तरी एखादी पिशवी तोंडात घिऊन पळायची. मी म्हातारा, कुटवर पळू?

तू मनाला लावून घिऊ नको. तुला काय ठाऊक? तू चांगल्यासाठीच केलंस, त्या बायांनी बी चांगल्यासाठीच केलं. कुनाला दोष द्यायचा?

गाडीचं तेवढं बघ आता. बाकीच्या गाई हायेत अजून.

आसाराम


शिरसगव्हाण
५ फेब्रुवारी २०२४

आसाराम,

"तुला काय ठाऊक" असं तू लिहिलंस. मला ठाऊक होतं.

दिवाळीत शिवशंकर डॉक्टरांनी मला पारावर सगळं सांगितलं. गावातली एक मोकाट गाय मेली, तिच्या पोटात आपल्याच पिशव्या होत्या, एकीवर कुंकवाचा डाग होता. ते म्हणाले, "गुरुजी, ही गाडी थांबवा, न्हाईतर पिशव्या थांबवा." मी सुंदररावांकडे गेलो. ते म्हणाले, "तपासणी होऊ द्या, मग बघू." मी भांडायला हवं होतं. चौकात उभं राहून ओरडायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो आणि घरी आलो. थकलो होतो हे खरं, पण ते कारण नाही. माझं एकुलतं एक काम माझ्याच तोंडानं चुकीचं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तुला सहज म्हणून एक ओळ लिहिली आणि माझं कर्तव्य झालं असं मानलं. तू "गाई बऱ्या हायेत" लिहिलंस तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की मी पुढे काही विचारलंच नाही.

तुझं पत्र घेऊन काल बैठकीत गेलो. वाचायला लागलो तर रडू आलं, पुढं वाचता आलं नाही. सुंदररावांनी पाणी दिलं. मग ठरलं की विषय गंभीर आहे, पुढच्या बैठकीत घेऊ. शिवाय शेजारच्या दोन नगरपंचायती आपली गाडी बघायला येणार आहेत. मी तिथंच राजीनामा लिहून दिला. वर्षाराणीताई पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या घरची बी पिशवी असंल हो त्यात."

आज सकाळी गाडीच्या पुढे चालत गेलो. दारोदार सांगितलं, पिशवी नको, उघडं द्या. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. एक म्हणाली, "पक्की गाठ तुमीच सांगितली की गुरुजी, आता काय झालं?" मी सांगितलं काय झालं ते. तिनं ऐकून घेतलं, आत गेली आणि नेहमीसारखी पिशवी बांधून गाडीत टाकली. सवयीनं. शिकवायला मला महिना लागला नव्हता. हे पुसायला किती लागेल, कोण जाणे.

मला तुझ्याकडे यायचंय. काय बोलणार ते माहीत नाही. येऊ का?

सुग्रीव


डोंगरवस्ती
१९ फेब्रुवारी २०२४

सुग्रीवास,

पत्र पोचून बरेच दिवस झाले. प्रविण रोज इचारतो, उत्तर हाय का? मी म्हणतो, उद्या.

साखराबाईला तुझं पत्र मी वाचून दाखवलं न्हाई. तिला वाटतंय तुला ठाऊक न्हवतं. तिला तसंच वाटू दे.

मी बी लपवलं, तू बी लपवलंस, म्हून फिटंफाट झाली असं मी मनाला सांगून बघितलं. होत न्हाई. मी लपवलं त्यात माझ्याच गाई गेल्या.

गाडी थांबवणं तुझ्या हातात न्हवतं, हे मला कळतं. सुंदररावाम्होरं तू काय, मी काय. बक्षीस, तपासणी, त्यातलं मला काई समजत न्हाई आन त्याचा राग बी न्हाई. पण सुग्रीव, दिवाळीत तू मला नुसतं एवढं लिहिलं असतंस, "आसाराम, गाई बांधून ठेव." बास. काबरी गेल्याली व्हती, पण तांबडी व्हती. चाऱ्याचं मी कसं बी बघितलं असतं, झाडाचा पाला वरबाडला असता. तू सांगितलं म्हणल्यावर मी का म्हून इचारलं बी नसतं.

आता बांधल्यात. गाडी आली की ड्रायव्हरला हातानं खूण करतो, फुडं जा. तो खाली नाल्यात वतून जातो.

तू यायचं म्हणतोस. ये. पण लगेच नको. हा उन्हाळा मधी जाऊ दे.

आसाराम